दप्तरी दाखल नसलेले मृत

दरवर्षी सप्टेंबरची १७ तारीख उजाडली की मराठवाड्यातील शाळा, कचेऱ्या व महाविद्यालये यांतून ध्वज उभारला जातो, स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रतिमेस हार घातला जातो, हुतात्म्यांची नावे वाचली जातात आणि वक्ते यथाशक्ति त्या संग्रामाचे वर्णन करतात. या उत्सवाविषयी आमच्या मनात लवमात्र अनादर नाही. ज्या राज्यात साधी सभा भरविण्यास परवानगी लागे आणि खासगी शाळा काढणे हाही संशयास पात्र उद्योग ठरे, त्या राज्याचा अंत ही आनंदाचीच गोष्ट होती, आणि आजही आहे. परंतु अशाच एका समारंभात जे घडले त्याने आम्हांस हा लेख लिहिणे भाग पडले आहे.

आम्ही चिकलठाण्यास राहतो. औरंगाबाद आणि जालना ही दोन्ही शहरे १९४८ च्या सप्टेंबरात अवघ्या काही दिवसांच्या अंतराने भारतीय फौजांच्या हाती आली. या दोहोंना जोडणाऱ्या रस्त्यावरचे आमचे हे गाव. आज येथे विमानतळ आहे, कारखाने आहेत, औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे, आणि त्या काळाची खूण रस्त्यावर शोधूनही सापडत नाही. समारंभात भाषणे संपल्यावर विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्यास सांगण्यात आले. एकाने उठून सांगितले, की त्याच्या पणजोबांचे घर रझाकारांनी जाळले; त्याची नोंद कोठे मिळेल? त्याच्याच बाकावरील दुसऱ्याने तितक्याच सरळपणे विचारले, की त्याच्या गावी एक विहीर आहे, तिचे पाणी कोणी शेंदत नाही, ‘ॲक्शन’नंतर तीत माणसे टाकली असे त्याची पणजी सांगे, ती माणसे कोण व किती, हे कोणत्या पुस्तकात सापडेल? पहिल्या प्रश्नास टाळ्या मिळाल्या. दुसऱ्या प्रश्नावर सभा स्तब्ध झाली. अध्यक्षस्थानी असलेले विद्वान गृहस्थ म्हणाले, “आजच्या मंगल दिवशी जुनी मढी उकरू नयेत.” त्यालाही टाळ्या मिळाल्या. आम्ही व्यासपीठावरच होतो आणि गप्प बसलो. हा लेख म्हणजे त्या गप्प बसण्याचे प्रायश्चित्त समजावे.

प्रथम वस्तुस्थिती. हैदराबाद संस्थानात त्या वेळी सोळा जिल्हे होते. पैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी भाषेचे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम सरकार आणि भारत सरकार यांच्यामध्ये ‘जैसे थे’ करार झाला. पण शांतता काही नांदली नाही. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी गावोगाव खंडणी वसूल केली. जेथे विरोध झाला तेथे लूट, जाळपोळ आणि खून केले. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी, म्हणजे हा करार होण्याच्याही आधी, नांदेड जिल्ह्यात अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे मारले गेले होते. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरटा गावात आणि २७ ऑगस्ट १९४८ रोजी तेलंगणातील बैरनपल्ली गावात सामुदायिक हत्याकांडे झाली. हजारो कुटुंबे घरदार सोडून वऱ्हाड, खानदेश, सोलापूर व नगर या बाजूंना गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली. सरकारने या लष्करी मोहिमेस ‘पोलीस कारवाई’ असे सौम्य नाव दिले. लोकांच्या तोंडी ती ‘पोलीस ॲक्शन’ झाली.

या एकाच वर्षी, एकाच सरकारच्या विद्यमाने, एकाच प्रदेशातील निरपराध प्रजेच्या हालांविषयी दोन दस्तऐवज तयार झाले. पहिला दस्तऐवज म्हणजे हैदराबादविषयीची श्वेतपत्रिका. तीत वाटाघाटींचा इतिहास आहे, कराराचा भंग कसा झाला ते आहे आणि रझाकारांच्या अत्याचारांचे वर्णन आहे. ती छापली गेली आणि देशोदेशी वाटली गेली. त्यात गैर काहीच नव्हते. दुसरा दस्तऐवज म्हणजे पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिस्री या तिघांच्या सद्भावना मंडळाचा अहवाल. कारवाईनंतर मुसलमान प्रजेवर काय ओढवले याविषयी दिल्लीपर्यंत वार्ता जाऊ लागल्या, तेव्हा पंतप्रधान नेहरूंच्या पुढाकाराने हे मंडळ पाठविले गेले. ते २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. सात जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे, एकवीस गावे-शहरे आणि तेवीस महत्त्वाची खेडी त्याने पाहिली. ज्या खेड्यांत जाता आले नाही अशा १०९ खेड्यांतील पाचशेहून अधिक लोकांच्या हकिकती त्याने ऐकल्या. हा अहवाल सरकारला सादर झाला, आणि कपाटात गेला. त्यातील मजकूर चाळीसेक वर्षांनी तुकड्यातुकड्यांनी बाहेर येऊ लागला, ए. जी. नूरानी यांच्या २०१३ सालच्या इंग्रजी ग्रंथात तो परिशिष्टरूपाने छापला गेला. त्याच वर्षी, दिल्लीच्या नेहरू संग्रहालयात तो वाचावयास मिळतो, असे वर्तमानपत्रांतून सांगण्यात आले. म्हणजे प्रसंग घडल्यापासून तो सामान्य वाचकाच्या हाती येईपर्यंत पासष्ट वर्षे लोटली.

त्या अहवालात आहे तरी काय? मंडळाच्या मते सर्वांत अधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांत झाली; तेथे कारवाईच्या वेळी व नंतर मारल्या गेलेल्यांची संख्या अठरा हजारांहून कमी नसावी. औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून निदान पाच हजार. सबंध संस्थानाविषयी मंडळाचा जपून केलेला अंदाज सत्तावीस हजारांपासून चाळीस हजारांपर्यंतचा आहे. लातूर हे त्या वेळी कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांचे भरभराटीचे पेठेचे गाव होते. तेथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी मंडळास जेमतेम तीन हजार आढळले. हजारावर मारले गेले होते आणि बाकीचे जीव घेऊन पळाले होते. विहिरी प्रेतांनी भरल्या होत्या. त्यांतील काही मंडळाच्या सभासदांनी स्वतः पाहिल्या. वाचकांनी एवढे ध्यानात घ्यावे, की मराठवाड्याच्या पाचांपैकी चार जिल्हे या आठांत आहेत. हा प्रश्न दूरच्या कोठल्या तरी देशाचा नाही. त्या विद्यार्थ्याच्या पणजीची विहीर कल्पित नव्हती.

येथे एका योगायोगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. हे तिघे गृहस्थ संस्थानातील उजाड गल्ल्यांतून फिरत होते त्याच दिवसांत, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ अशा अर्थाचे शब्द होते, ते काढून ‘सर्व मानव’ असे शब्द घातले जावेत हा आग्रह आपल्या प्रतिनिधी श्रीमती हंसा मेहता यांनी धरला होता. जगाच्या सभेत शब्दाची एवढी काळजी घेणाऱ्या आपल्या देशाने, त्याच महिन्यात स्वतःच्या भूमीवरील मृतांच्या संख्येवर मात्र कुलूप घातले. हा विरोधाभास लपविण्यात शहाणपण नाही. तो समजून घेण्यात आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप अध्यक्षमहाशयांचाच: जुनी मढी उकरून काय मिळणार? हा आक्षेप वरवर पाहता सुज्ञपणाचा दिसतो, आणि सुखवस्तु घरांतून तो फार लोकप्रियही आहे. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी, की ही मढी पुरली गेली आहेत. ज्याचे नाव कोठे लिहिले गेले नाही, ज्याचा पंचनामा झाला नाही, ज्याच्या वारसास दाखला मिळाला नाही, तो मृत पुरला गेला असे म्हणता येत नाही. तो अफवेच्या स्वाधीन झालेला असतो. सत्तावीस हजार आणि चाळीस हजार या दोन संख्यांमध्ये तेरा हजारांचे अंतर आहे. हे अंतर म्हणजे तेरा हजार माणसे होत, आणि ती मेली की वाचली हे सांगण्याची जबाबदारी आपल्या सुधारलेल्या राज्ययंत्रातील एकाही खात्याने घेतली नाही. घरातील गाय हरवली तरी आपण चावडीवर वर्दी देतो. मग माणसांच्या बाबतीतच ‘जाऊ द्या’ हे तत्त्वज्ञान कोठून आले?

शिवाय हे तत्त्वज्ञान आपण सर्वत्र सारखे लावीत नाही, हेच त्याचे खरे व्यंग. गोरट्याचे स्मरण करताना कोणी ‘मढी उकरू नका’ असे म्हणत नाही, आणि म्हणूही नये. अर्जापूरचे नाव घेताना सभा उठून उभी राहते, तेही योग्यच. मग विस्मृतीचा उपदेश फक्त एका बाजूच्या मृतांच्या वाट्यास येत असेल तर त्याला क्षमा म्हणता येणार नाही. ती निवड आहे.

दुसरा आक्षेप असा: जे झाले ती प्रतिक्रिया होती, रझाकारांनी जे पेरले तेच उगवले. आम्ही हा आक्षेप हलका लेखीत नाही, कारण तो आमच्याही घरात बोलला गेला आहे. आमचे मूळ गाव अंबड तालुक्यातील. रझाकारीत आमच्या आजोबांचे पेव फोडून धान्य नेले, आणि घरची मंडळी रातोरात वऱ्हाडात देऊळगाव राजाला गेली. ही कथा आमच्या वडिलांनी आम्हांला शंभरदा सांगितली असेल. कोणत्या बैलगाडीत कोण बसले, वाटेत कोणाला ताप भरला, हेही आम्हांस पाठ आहे. परंतु कथा परत येऊन घराच्या उंबरठ्याशी पोचली, की नेहमी संपे. शेजारचे घर रिकामे होते, एवढेच वडील म्हणत. आमच्या स्वयंपाकघरात एक तांब्याचा हंडा होता. त्यावर उर्दू अक्षरांत नाव कोरलेले होते. लहानपणी आम्ही विचारले तेव्हा आजी म्हणाली, “तो ठेवायला दिलेला आहे.” कोणी दिला, केव्हा दिला आणि परत न्यायला कोणी का आले नाही, हे आम्ही पुढे विचारले नाही, एम. ए. झाल्यावरही विचारले नाही. पेवाची कथा तोंडपाठ असलेले आम्ही हंड्याची कथा जाणत नाही. प्रतिक्रियेचा सिद्धांत सांगणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या घरातील असा एखादा हंडा आठवून पाहावा.

आता सिद्धांताकडे. कोणत्याही कृत्याचे कारण सांगणे आणि त्या कृत्याचा हिशेब चुकता करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रझाकारांनी खून केले म्हणून लोकांच्या मनात सूड उसळला, हे कारण झाले. पण ज्या विणकऱ्यावर, ज्या भाजीवाल्यावर, ज्या बाईवर तो सूड उगविला गेला, ती रझाकार होती काय, हा हिशेब झाला. आणि तो घेतल्याशिवाय न्यायाची भाषा बोलता येत नाही. खुद्द रझवीवर खटला चालला, त्याने शिक्षा भोगली आणि १९५७ मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात निघून गेला. म्हणजे मुख्य आरोपीला वकील मिळाला, न्यायालय मिळाले आणि आयुष्यही मिळाले. लातूरच्या हजाराहून अधिक लोकांना यांपैकी काहीच मिळाले नाही. शिवाय मंडळाच्या अहवालाने हा सिद्धांत अर्धाच खरा ठरविला आहे. अत्याचार करणारे केवळ रझाकारांकडून पोळलेले लोक नव्हते, किंबहुना केवळ संस्थानातील लोकही नव्हते. सरहद्दीपलीकडून सशस्त्र व निःशस्त्र टोळ्या येऊन मिळाल्या होत्या. कित्येक ठिकाणी शिपायांनी जमावास लुटीस उत्तेजन दिले, क्वचित भाग पाडले, असेही मंडळास आढळले. ज्याचे स्वतःचे घर कधी जळले नव्हते त्याची ही कसली प्रतिक्रिया?

आणि ‘त्यांनी’ व ‘आम्ही’ ही सर्वनामे तरी किती खरी आहेत? ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होते. रझाकारांना आवरा आणि भारतात सामील व्हा, असे सांगणारे सात प्रतिष्ठित मुसलमानांचे निवेदन त्यांनी ऑगस्ट १९४८ मध्ये छापले, आणि त्याच महिन्यात २२ तारखेच्या रात्री ते मारले गेले. मारेकऱ्यांनी त्यांचा लिहिता हात तोडला. नांदेड जिल्ह्यात निजामाच्या महसूल खात्यात अधिकारी असलेले फरीद मिर्झा यांनी रझाकारांच्या अत्याचारांचा निषेध म्हणून नोकरी सोडली. पुढे १९७६ मध्ये त्यांनी एक छोटेसे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात कारवाईपूर्वीचे प्रसंगही आहेत आणि नंतरचेही आहेत. आमच्या समजुतीप्रमाणे या सर्व प्रकरणात नोंद कशी करावी याचा वस्तुपाठ या एका माणसाने घालून दिला: प्रथम स्वधर्मीयांच्या अपराधाविरुद्ध उभे राहावे, आणि मग त्याच मापाने दुसऱ्यांचेही मोजावे. ज्याने पहिले केले त्यालाच दुसऱ्याचा अधिकार पोचतो.

तिसरा आक्षेप राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा. असल्या नोंदींनी देशाची आणि सैन्याची मान खाली जाते, असे म्हणतात. येथे आम्ही वाचकांस १९१९ सालची आठवण देतो. जालियनवाला बागेत गोळीबार झाला तेव्हा सरकारने हंटर समिती नेमली. पण काँग्रेसने त्यावर न विसंबता आपली स्वतंत्र चौकशी केली. गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी पंजाबात हिंडून सतराशेहून अधिक साक्षीदारांच्या जबान्या तपासल्या, त्यांतील सुमारे साडेसहाशे निवडून छापल्या, आणि १९२० च्या मार्चमध्ये अहवाल प्रसिद्ध केला. ज्या जबानीविषयी तिळमात्र संशय वाटला ती वगळावी, हा गांधीजींचा कटाक्ष होता. सरकारने मृतांचा आकडा ३७९ सांगितला होता. तो या चौकशीने अपुरा ठरविला. त्या वेळी इंग्रज अधिकारीही हेच म्हणत होते, की या चौकशीने सैन्याची प्रतिष्ठा जाते. तेव्हा आपण सर्वांनी त्या युक्तिवादाचा उपहास केला. परकी सरकार असता जी नोंद राष्ट्रकार्य ठरली, तीच स्वकीय सरकार असता राष्ट्रद्रोह कशी ठरते, हे आम्हांला कोणी समजावून द्यावे.

प्रतिष्ठेचा विचार दुसऱ्या बाजूनेही करावा. सुंदरलाल मंडळाच्या अहवालात केवळ क्रौर्य नाही. काही ठिकाणी हिंदु विणकरांनी मुसलमान विणकरांना आपल्या आड घेतले आणि त्यासाठी प्रसंगी स्वतःचे प्राण दिले. पळवून नेलेल्या स्त्रिया परत मिळविण्यास अनेक हिंदूंनी साह्य केले. हेही त्यात नमूद आहे. अहवाल कपाटात गेला तेव्हा हे विणकरही कपाटात गेले. मराठवाड्यातील कोणत्या चौकात त्यांचा पुतळा आहे? सतरा सप्टेंबरच्या कोणत्या भाषणात त्यांचा उल्लेख होतो? ज्या अधिकाऱ्याने जमावास अडविले असेल त्याचे नाव आणि ज्याने त्यास मोकळे सोडले त्याचे नाव, ही दोन्ही एकाच अंधारात पडली. नोंद न ठेवण्याने सैन्याची प्रतिष्ठा राखली जात नाही; त्यातील सज्जन आणि दुर्जन यांचा भेद मात्र पुसला जातो.

एवढ्यावर थांबलो तर आमचे काही मित्र आनंदाने माना डोलावतील. परंतु आमचे भांडण त्यांच्याशीही आहे. अलीकडे हा अहवाल वाचणाऱ्यांचा एक वर्ग निर्माण झाला आहे. त्यास ‘चाळीस हजार’ हा आकडा पाठ असतो; पण गोरटा व बैरनपल्ली ही नावे ठाऊक नसतात. ‘सत्तावीस हजारांपासून’ हा आकड्याचा पहिला अर्धा भाग तो सहसा उच्चारीत नाही. कोणी तर दोन लाखांपर्यंत जातो. हा अहवाल त्याच्या हाती शस्त्र म्हणून पडला आहे. मृतांची संख्या वाढविल्याने त्यांच्यावरील अन्याय वाढत नाही. केवळ सांगणाऱ्याची विश्वसनीयता कमी होते, आणि ज्यांना काहीच ऐकावयाचे नसते त्यांच्या हाती आयतेच कोलीत मिळते. जो फक्त आपल्या बाजूचे मृत मोजतो त्याला मृतांशी काही कर्तव्य नाही. त्याला आपल्या बाजूशी कर्तव्य आहे. हे वाक्य आम्ही दोन्ही पक्षांस उद्देशून लिहिले आहे.

मोजणीने काय साधते याचे एक अर्वाचीन उदाहरण युरोपातले आहे. बोस्निया देशात १९९२ ते १९९५ या काळात भयंकर युद्ध झाले. दोन लाख माणसे मेली असे सर्वत्र सांगितले जाई. कोणी अधिक सांगे, आणि विरुद्ध पक्ष सारेच नाकारी. सारायेव्हो येथील मिर्साद तोकाचा या गृहस्थाने आणि त्याच्या संशोधन केंद्राने वर्षानुवर्षे खपून एकेका मृताचे नाव, गाव, जन्मसाल व मृत्यूची परिस्थिती गोळा केली. सैनिक असो वा नागरिक, कोणत्याही वंशाचा असो, यादी एकच. २००७ मध्ये त्यांनी जाहीर केलेली नावे ९७,२०७ भरली. फुगविलेला आकडा खाली आला, म्हणून पीडितांच्या बाजूचे काही लोक त्यांच्यावर रागावले. परंतु नाकारणाऱ्यांचे तोंडही त्याच यादीने बंद झाले. कारण ‘दोन लाख’ या शब्दाशी वाद घालता येतो, नाव-गाव-तारीख लिहिलेल्या सत्त्याण्णव हजार माणसांशी घालता येत नाही. हे काम युद्ध संपल्यावर बारा वर्षांच्या आत झाले. आपल्याला पाऊणशेहून अधिक वर्षे मिळाली, आणि आपण एका तालुक्याची यादी केली नाही.

आता कोणी म्हणेल, की फार उशीर झाला. होय, झाला, आणि हाच घाई करण्याचा हेतु आहे. १९४८ साली जो दहा वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या घरात आहे. त्याच्याबरोबर शेवटची ऐकीव नव्हे तर पाहिलेली साक्ष जाणार आहे. उरले ते कागद. तेही थोडेथोडके नाहीत: १९४१ व १९५१ च्या शिरगणतीतील आकडे, १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाची प्रकरणे, दर्ग्या-मशिदींची दप्तरे. कोणत्या गावी कारवाईपूर्वी कोणाच्या नावे जमीन होती आणि नंतर कोणाच्या नावे लागली, एवढे जरी ताडून पाहिले तरी पुष्कळ उलगडेल. पण त्यांतील जुने कागद उर्दूत आहेत, आणि उर्दू घसरटी वाचणारी माणसे आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षी कमी होत आहेत. ज्या प्रदेशाने चार भाषांत व्यवहार केला त्याच्या इतिहासाचा अभ्यास आता केवळ दीड भाषेत चालतो!

म्हणून आमच्या सूचना तीन आहेत, आणि त्यांना सरकारच्या आज्ञेची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिली: श्वेतपत्रिका आणि सुंदरलाल अहवाल हे दोन्ही दस्तऐवज मराठीत, एकाच पुस्तकात, पाठीला पाठ लावून छापावेत, ज्याला एक वाचावयाचा आहे त्याच्या हाती दुसराही पडावा. दुसरी: मराठवाड्यातील प्रत्येक महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने आपल्या तालुक्यापुरती एकच वही उघडावी. तीत मृताचे नाव, वय, गाव, धंदा, तारीख, मारणारे कोण आणि सांगणाऱ्याने ते पाहिले की ऐकले, एवढे रकाने असावेत. धर्माचा रकाना असावा. परंतु वह्या दोन असू नयेत. ज्याची खात्री नाही ते तसे लिहावे. कोणाचे नाव उघड केल्याने आजच्या वारसास उपद्रव होणार असेल तर ते झाकावे. आपले काम जाणण्याचे आहे, फिर्याद करण्याचे नाही. बहुतेक आरोपीही आता मृतांत जमा झाले आहेत. तिसरी: माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालापासून आहे आणि वीस वर्षांहून जुनी माहिती देण्यास त्याने, काही अपवाद सोडले तर, मोकळीक ठेवली आहे. प्राध्यापकांनी वेतनवाढीच्या अर्जांप्रमाणेच कधीतरी असाही एखादा अर्ज करावा.

हे सर्व करून देशात प्रेमाचा पूर येईल असे आम्ही म्हणत नाही. पीडिताच्या नातवाला आणि पीडकाच्या नातवाला एकमेकांविषयी काय वाटावे, हे कोणतीही वही ठरवू शकत नाही. परंतु ज्या दोन विद्यार्थ्यांनी एका बाकावरून दोन प्रश्न विचारले त्यांना एकच उत्तर देता आले पाहिजे, एवढे तरी शिक्षण नावाच्या व्यवसायाचे कर्तव्य खास आहे. आज आपण एकाला ग्रंथ देतो आणि दुसऱ्याला उपदेश देतो. पहिला घरी जातो तो अभिमान घेऊन, आणि दुसरा जातो तो संशय घेऊन. आणि पुढच्या पिढीतील भांडणाचे बी आपण आपल्याच हातांनी, शुभमुहूर्त पाहून, पेरतो.

त्या समारंभानंतर आम्ही गावी जाऊन तो हंडा पाहिला. तो अजून आहे. एका उर्दू जाणणाऱ्या स्नेह्याकडून त्यावरील अक्षरे वाचवून घेतली, आणि आमच्या तालुक्याच्या वहीत पहिली नोंद केली. नाव आम्ही येथे देत नाही. वय ठाऊक नाही. तारीख ठाऊक नाही. मेला की निघून गेला, हेही ठाऊक नाही. धंदा: विणकर, असे गावातील एका वृद्धाने सांगितले. वस्तु कोणाकडे आढळली, या रकान्यात आम्ही आमचे नाव लिहिले आहे.